परदेशी कस्टमरची अपॉइंटमेंट फोनवर इंग्रजीत कशी ठरवायची आणि ती नेमकी कुठे फिसकटते

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या ऑफिसात मी परदेशी कस्टमरचे फोन बघते. दरवर्षी नवीन मुलंमुली जॉइन होतात, बरीचशी मराठी मीडियमची, हुशार, मेल लिहिताना कुठे अडत नाहीत, पण "बर्मिंगहॅमला फोन लावून व्हिजिटची तारीख घे" म्हटलं की चेहरा उतरतो. ती घाबरतात ग्रामरला. आणि फोन फिसकटतो तो ग्रामरमुळे जवळपास कधीच नाही. तो फिसकटतो वारामुळे, तारखेमुळे, घड्याळामुळे, आणि शेवटी काय ठरलं ते परत म्हणून न दाखवल्यामुळे. "ही डोन्ट नो" म्हणालात तर समोरचा समजून घेतो, पण मंगळवारच्या जागी बुधवार ऐकू गेला तर माणूस विमानात बसून चुकीच्या दिवशी येतो.

एक आमच्याच ऑफिसातली गोष्ट सांगते म्हणजे कळेल. बुधवारी कस्टमरच्या क्वालिटी इंजिनिअरला फोनवर सांगितलं गेलं, "प्लीज कम आफ्टर एट डेज." आपल्या डोक्यात आठ दिवसांनी म्हणजे पुढचा बुधवार, घरात आपण तसंच बोलतो. त्याने बिचाऱ्याने बरोब्बर आठ दिवस मोजले आणि तो गुरुवारी आला. भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच युनिटना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते, आमच्याकडेही होती. गेटवर फक्त वॉचमन. तो माणूस दोन विमानं बदलून आला होता. तेव्हापासून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी खालचा क्रम शिकवते. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिलीत, ती नुसती वाचू नका, मोठ्याने म्हणा, तोंडात बसली पाहिजेत.

१. फोन लावायच्या आधीचा कागद

मनातल्या मनात नाही, कागदावर. फोन लागला की अर्धं डोकं इंग्रजीत गुंततं, मग तारीख आठवायला डोकं शिल्लकच राहत नाही.

कागदावर सगळ्यात वर माणसाचं पूर्ण नाव, स्पेलिंग, हुद्दा, एक्स्टेन्शन नंबर असेल तर तो. पुरुष की बाई हे नावावरून गृहीत धरू नका, आंद्रेआ हे नाव इटलीत पुरुषाचं असतं आणि जर्मनीत बाईचं, त्यामुळे खात्री नसेल तर मिस्टर-मिसेस न लावता पूर्ण नाव घ्यायचं. त्याखाली कामाचं एकच वाक्य, "टू डिस्कस द सॅम्पल इन्स्पेक्शन रिपोर्ट" किंवा "टू फिक्स अ डेट फॉर युअर व्हिजिट टू अवर प्लांट". एका वाक्यात बसत नसेल तर काम तुम्हालाच अजून स्पष्ट नाही असं समजा आणि साहेबांना विचारून या. मग किती वेळ लागणार, वीस मिनिटं की एक तास. हे लोक विसरतात आणि समोरची रिसेप्शनिस्ट पहिला प्रश्न हाच विचारते.

त्यानंतर आपल्याला जमणाऱ्या दोन तारखा, वारासकट, आणि एक राखीव. तारखा साहेबांकडून आधी हो करून घ्या, प्लांट व्हिजिट असेल तर प्रॉडक्शन आणि क्वालिटीवाल्यांकडूनही. फोनवर "आय विल आस्क माय सर अँड टेल यू" असं तीनदा झालं की समोरच्याला वाटतं या मुलीच्या हातात काहीच नाही, मग तो तुम्हाला सोडून थेट साहेबांना मेल टाकतो आणि पुढच्या वेळी तुमचा फोन घेत नाही.

तारीख निवडताना दोन्हीकडच्या सुट्ट्या बघा. आपल्याकडची साप्ताहिक सुट्टी, दिवाळी, आणि खंडेनवमी, त्या दिवशी मशीनची पूजा असते, ऑडिट ठेवू नका. पुण्यात अनंत चतुर्दशीला पाहुण्याला हॉटेलातून बाहेर काढणं म्हणजे दिवस गेलाच. त्यांच्याकडे इंग्लंडात मे महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार, ऑगस्टचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो, म्हणजे फक्त बँका नाही, ऑफिसंही बंद. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा, आणि त्याला जोडून शुक्रवारीही बऱ्याच ठिकाणी कोणी भेटत नाही. जर्मनीत ३ ऑक्टोबर. दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असं झालंय, पण सौदीत अजून शुक्रवार-शनिवार, त्यामुळे गल्फ म्हणजे सगळं एकच असं धरू नका.

चेक: कागदावर नाव, काम, किती वेळ, दोन तारखा वारासकट, एक राखीव तारीख. यातलं एकही रिकामं असेल तर फोन लावायचा नाही.

२. घड्याळ जुळवणं

आपलं घड्याळ वर्षभर एकच, त्यांचं वर्षातून दोनदा हलतं. इथेच अनुभवी माणसंही फसतात, कारण जुना आकडा पाठ असतो.

इंग्लंड उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच. बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. जर्मनी त्याच दिवशी बदलते, उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. अमेरिकेचा पूर्व किनारा, म्हणजे न्यूयॉर्क, आणि आमचे डेट्रॉइटवाले कस्टमर पण त्याच घड्याळावर, उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. पण अमेरिका बदलते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेने घड्याळ बदललंय आणि इंग्लंडने नाही. तिघांचा कॉल त्या दिवसांत ठेवलात तर कोणीतरी तासभर चुकतोच, त्या आठवड्यांत प्रत्येकाला त्याची वेळ वेगळी लिहून द्या. दुबई वर्षभर दीड तास मागे, तिथे काही बदलत नाही.

फोनवर बोलताना "आयएसटी" म्हणू नका. आयर्लंडवाले आणि इस्रायलवालेही स्वतःच्या वेळेला तेच म्हणतात. सरळ "इंडिया टाइम" आणि "युअर टाइम" म्हणा. "टू थर्टी इंडिया टाइम, दॅट इज टेन ओ'क्लॉक युअर टाइम." जुलैमध्ये इंग्लंडसाठी हे बरोबर आहे, तेच वाक्य जानेवारीत म्हणालात तर तास चुकला, तेव्हा आपले अडीच म्हणजे त्यांचे नऊ.

फोन लावायची वेळ पण बघा. इंग्लंडला त्यांच्या साडेनऊ-दहाच्या सुमारास लावा, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दोन-अडीच. त्यांच्या शुक्रवारी दुपारी तारीख मागायला जाऊ नका, मिळत नाही.

३. पहिली वीस सेकंदं

कोणी उचललं की "हॅलो, हॅलो" करत बसायचं नाही. आणि "मायसेल्फ अमुक" तर अजिबात नाही, आणि "आय ॲम अमुक स्पीकिंग" पण नाही. एकच वाक्य पाठ करा: "गुड मॉर्निंग, धिस इज," मग तुमचं नाव, मग "कॉलिंग फ्रॉम," मग कंपनी, मग "इन पुणे, इंडिया." नाव हळू सांगा. आपलं नाव आपण इतक्या वेळा उच्चारलेलं असतं की ते आपल्या तोंडून घाईत सुटतं आणि नेमकं तेच समोरच्याला नवीन असतं.

गुड मॉर्निंग कोणाच्या घड्याळाने? त्यांच्या. आपल्याकडे दुपारचे तीन असले तरी तिकडे सकाळ आहे. आपल्या रात्री आठला डेट्रॉइटहून फोन आला तरी तिकडे सकाळच असते, "गुड मॉर्निंग"च म्हणा. आणि "गुड नाईट" म्हणून फोन कधीच उचलू नका, ते निरोप घेताना म्हणतात, तिकडे संध्याकाळ असेल तर "गुड इव्हिनिंग".

मग लगेच: "कुड आय स्पीक टू मिस्टर अमुक, प्लीज?" "आय वॉन्ट टू टॉक विथ" हे "मला यांच्याशी बोलायचंय" चं शब्दशः आहे, मराठीत त्यात काही उद्धट नाही, इंग्रजीत मात्र ते हुकूम सोडल्यासारखं लागतं. तसंच "येस, टेल मी". आपण फोनवर "बोला" म्हणतो ना, त्याचं भाषांतर, पण तिकडे ते तुटक वाटतं. "येस, प्लीज गो अहेड" म्हणा.

४. रिसेप्शनिस्ट काय म्हणते ते ओळखणं

इथे बोलण्यापेक्षा ऐकायचं काम जास्त आहे. ठराविक आठ-दहा वाक्यंच असतात, ती ओळखीची झाली की भीती निम्मी होते.

"बेअर विथ मी" म्हणजे जरा थांबा. "होल्ड द लाइन" आणि "हँग ऑन" पण तेच. "हँग अप" मात्र फोन ठेवणं, हे दोन उलट आहेत, गोंधळू नका. "आय विल पुट यू थ्रू" म्हणजे मी जोडून देते, तेव्हा गप्प राहायचं, मध्ये घंटी वाजेल, आणि पलीकडे नवीन माणूस उचलेल तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं, नावासकट. बरेच जण इथे थेट "सो कॅन वी कम ऑन ट्यूसडे" करून सुरू होतात आणि समोरच्याला कळतच नाही की कोण आहे.

"आय ॲम अफ्रेड ही इज नॉट इन." ती घाबरलेली नाही. वाईट बातमी मऊ करून सांगायची त्यांची पद्धत आहे, "माफ करा, ते नाहीयेत" एवढाच अर्थ. "ही इज ऑन ॲन्युअल लीव्ह" म्हणजे हक्काच्या सुट्टीवर, तेव्हा लगेच विचारा, "व्हेन विल ही बी बॅक?" आणि "इज देअर समवन एल्स हू लुक्स आफ्टर हिज कॅलेंडर?"

"मे आय आस्क व्हॉट इट्स रिगार्डिंग?" याला घाबरून "इट इज पर्सनल" किंवा "इट इज इम्पॉर्टंट मॅटर" म्हणू नका. कागदावरचं एक वाक्य वाचून दाखवा. "इज ही एक्स्पेक्टिंग युअर कॉल?" असं विचारलं आणि आधी मेल झालेला असेल तर "येस, वी एक्सचेंज्ड ईमेल्स लास्ट वीक" म्हणा. झाला नसेल तर नाही म्हणा, खोटं सांगू नका, जोडून दिल्यावर पहिल्या वाक्यात उघडं पडतं.

सावधान: "वुड यू माइंड होल्डिंग?" याला "येस" म्हणालात तर अर्थ होतो "हो, मला चालणार नाही". उत्तर "नॉट ॲट ऑल".

५. तारीख मागणं

आता मुख्य भाग. क्रम असा ठेवा: काम, किती वेळ, मग आपण दिलेला पहिला दिवस. "वेन आर यू फ्री?" ने सुरुवात करू नका. मोकळा प्रश्न टाकला की समोरचा कॅलेंडर उघडतो, "अं, लेट मी सी" करत तीन दिवस वाचून दाखवतो, तुम्हाला घाईत ते पकडावे लागतात आणि त्यातला एखादा नेमका तुमचा गुरुवार निघतो. दिवस आपण सुचवायचा म्हणजे बोलणं आपल्या कागदावर राहतं.

"आय ॲम कॉलिंग टू अरेंज युअर व्हिजिट टू अवर प्लांट. वी विल नीड अबाउट हाफ अ डे. वुड ट्यूसडे द फोर्टींथ ऑफ जुलै सूट यू?"

नाही म्हणाला तर दुसरा: "हाऊ अबाउट वेन्सडे द फिफ्टींथ?" तोही नाही म्हणाला तर मग मोकळा प्रश्न, "विच डे वुड बी बेटर फॉर यू?" आणि पुढे लगेच आपली अडचण, "एनी डे एक्सेप्ट थर्सडे. अवर प्लांट इज क्लोज्ड ऑन थर्सडेज." ही अडचण सांगायला लाजू नका, ती न सांगितल्यामुळे काय होतं ते वर सांगितलंच.

समोरच्याचा नकार बऱ्याचदा नकारासारखा वाटत नाही. "दॅट माइट बी अ बिट ट्रिकी", "आय ॲम रादर टाइड अप दॅट डे", इंग्लंडातला माणूस हे म्हणाला म्हणजे नाही जमत. आपण "माइट" ऐकून आशा धरतो आणि तारीख लिहून टाकतो. "लेट्स पेन्सिल इट इन" म्हणजे सध्या पेन्सिलीने लिहून ठेवू, पक्कं नाही. त्यावर हॉटेल बुक करू नका, विचारा, "वेन कॅन यू कन्फर्म?"

अमेरिकन माणसाच्या "कॅन" आणि "कान्ट" मध्ये फोनवर फरक ऐकूच येत नाही कधीकधी, शेवटचा ट गिळला जातो. अंदाज करू नका. "सॉरी, इज ट्यूसडे पॉसिबल ऑर नॉट पॉसिबल?" असं सरळ विचारा, यात काही कमीपणा नाही.

आणि आपल्या होकाराची सवय. मराठीत ऐकताना आपण हं, हो, हो हो करत राहतो, अर्थ एवढाच की ऐकतोय. इंग्रजीत त्या जागी "येस येस, ओके ओके" केलंत तर समोरच्याने ते कबुली म्हणून धरलं. त्याने मध्येच "सो वी विल कम ऑन सिक्स्टींथ" म्हटलं आणि तुम्ही सवयीने ओके म्हणालात, तर संपलं. ऐकताना "आय सी" किंवा "राईट" म्हणा, आणि "ओके" फक्त खरंच कबूल असेल तेव्हासाठी ठेवा.

त्याहून फसवा प्रश्न म्हणजे नकारातला. तो विचारतो, "सो यू कान्ट डू थर्सडे?" मराठीत आपण म्हणतो "हो, नाही जमणार". त्यातला "येस" तोंडातून आधी बाहेर पडतो आणि त्याला वाटतं जमतंय. इंग्रजीत नाही जमत असेल तर उत्तर "नो" ने सुरू करायचं, "नो, वी कान्ट." हे एक वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणून ठेवा, खरंच.

६. मराठी डोक्यातून येणाऱ्या वार-वेळेच्या चुका

या चुका इंग्रजी कच्चं म्हणून होत नाहीत, मराठी पक्कं म्हणून होतात, म्हणूनच त्या बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत.

आठ दिवस म्हणजे आठवडा, पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे, हे आपलं गणित. इंग्रजीत "एट डेज" आठच आणि "फिफ्टीन डेज" पंधराच. "अ वीक फ्रॉम टुडे", "इन टू वीक्स" म्हणा. "फोर्टनाईट" इंग्लंडात चालतं, अमेरिकेत बऱ्याच जणांना तो शब्द रोजचा नाही.

शुक्रवारपर्यंत. मराठीत एकच शब्द, इंग्रजीत दोन. "शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवते" हे "बाय फ्रायडे", आणि "शुक्रवारपर्यंत साहेब जर्मनीत आहेत" हे "अनटिल फ्रायडे". "आय विल सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे" म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल रोज एक रिपोर्ट येणार आहे.

परवा. आपलं परवा मागे पण जातं आणि पुढे पण. "डे आफ्टर" एवढं अर्धवट बोलू नका, "द डे आफ्टर टुमॉरो" पूर्ण म्हणा, आणि तारीख जोडा.

नेक्स्ट फ्रायडे. सोमवारी कोणी हे म्हटलं तर काहींना याच आठवड्यातला वाटतो, काहींना पुढच्या. इंग्रज आपसातही यावरून गोंधळतात. नेक्स्ट आणि धिस दोन्ही सोडून द्या, वार आणि तारीख म्हणा.

साडे, सव्वा, पावणे यांचं भाषांतर करत बसू नका. पावणेबारा असेल तर "इलेव्हन फोर्टी-फाइव्ह". इंग्लंडातला माणूस "हाफ टेन" म्हणाला तर ते साडेदहा, पण जर्मन माणसाच्या भाषेत अर्धे दहा म्हणजे साडेनऊ, आणि तो इंग्रजीत बोलतानाही कधी तेच करून बसतो. म्हणून ऐकल्यावर आकड्यात परत विचारा, "दॅट इज टेन थर्टी, करेक्ट?" दुपारचे बारा असतील तर "ट्वेल्व्ह नून".

फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी, हे फोनवर सारखेच ऐकू येतात. "फिफ्टीन, वन फाइव्ह" असं सुटं करून सांगा. तारीख लिहिताना ४/७ असं कधीही नाही. आपल्याला ती ४ जुलै दिसते, अमेरिकन माणसाला ७ एप्रिल. महिना अक्षरात.

चेक: तुमच्या वाक्यात वार आणि तारीख दोन्ही आहेत? वार आणि तारीख जुळत नसतील तर चूक तिथल्या तिथे पकडली जाते, म्हणून दोन्ही सांगायचे असतात.

७. स्पेलिंग आणि नंबर

साध्या फोनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्याच्या वरचे बारीक आवाज कापले जातात, म्हणून एस आणि एफ वेगळे ओळखू येत नाहीत. एम आणि एनचाही फोनवर गोंधळ होतो. तुमच्या कानाचा दोष नाही तो. त्यात मराठीत व एकच, त्यामुळे आपल्या तोंडून व्ही आणि डब्ल्यू सारखेच निघतात.

स्पेलिंग सांगताना "पी फॉर पुणे, एन फॉर नाशिक" त्यांना कसं कळणार. विमानवाल्यांची यादी वापरा: ए फॉर अल्फा, बी फॉर ब्राव्हो, एम फॉर माइक, एन फॉर नोव्हेंबर, एस फॉर सिएरा, एफ फॉर फॉक्सट्रॉट, व्ही फॉर व्हिक्टर, डब्ल्यू फॉर व्हिस्की. पूर्ण यादी प्रिंट करून फोनशेजारी चिकटवा. आमच्याकडे ती आहे, आणि ती बघून बोलण्यात कोणाला काही वाटत नाही.

मोबाइल नंबर मराठीत आपण जोडीने म्हणतो, अठ्ठ्याण्णव बावीस वगैरे. इंग्रजीत एकेक आकडा, पाच-पाचचे दोन गट, मध्ये थांबायचं, आणि समोरचा "येस" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. "डबल फाइव्ह" इंग्लंडात चालतं, अमेरिकन माणसाला "फाइव्ह फाइव्ह" सांगा. नंबर देताना प्लस नाइन वन जोडा, आणि लँडलाइन असेल तर पुण्याच्या ०२० मधला पहिला शून्य काढून टाका, बाहेरून फोन लावताना तो लागत नाही.

८. परत म्हणून दाखवणं

ही पायरी गाळली तर वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. आणि हीच सगळ्यात जास्त गाळली जाते, कारण तारीख मिळाल्याच्या आनंदात आपल्याला फोन ठेवायची घाई झालेली असते.

"लेट मी जस्ट रीड दॅट बॅक. ट्यूसडे, फोर्टींथ ऑफ जुलै, टेन ए एम इंडिया टाइम, ॲट अवर प्लांट इन भोसरी, पुणे. टू पीपल, युवरसेल्फ अँड युअर क्वालिटी इंजिनिअर. इज दॅट करेक्ट?"

मग थांबा. पूर्ण थांबा. त्याच्या तोंडून "येस, दॅट्स करेक्ट" येईपर्यंत "थँक यू सर बाय" नाही. दोन सेकंद शांतता झाली तर आपल्याला अवघडतं, पण ती शांतता म्हणजे तो कॅलेंडर बघतोय, बघू द्या.

काही कळलं नसेल तर "व्हॉट?" किंवा नुसतं "हां?" नको. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोअर, प्लीज?" तिसऱ्यांदाही कळलं नाही तर "कुड यू प्लीज ईमेल मी दॅट?" असं सांगून मोकळं व्हा. कळलं नसताना हो म्हणणं हीच एक चूक अशी आहे जिला मी खरंच रागावते.

९. ठरलेली वेळ बदलायची असेल तर

हा भाग नीट वाचा. मराठीत मीटिंग पुढे ढकलली म्हणजे उशिराची केली. अलीकडे घेतली म्हणजे लवकरची. इंग्रजीत दिशा उलटी आहे. "ब्रिंग फॉरवर्ड" म्हणजे लवकर घेणं, आणि "पुश बॅक" म्हणजे उशिरा नेणं. आपल्या डोक्यात फॉरवर्ड म्हणजे पुढे आणि पुढे म्हणजे नंतर, त्यामुळे "कॅन वी मूव्ह इट फॉरवर्ड बाय टू डेज" असं आपण बुधवारचं शुक्रवारी न्यायला म्हणतो आणि समोरचा सोमवारी तयार होऊन बसतो. "मूव्ह फॉरवर्ड" चा अर्थ तर इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही दोन्ही बाजूंनी लावतात.

"प्रीपोन" हा शब्द आपल्या देशात सगळ्यांना कळतो, बाहेर फोनवर तो वापरू नका, बऱ्याच जणांनी ऐकलेलाच नसतो.

मी सांगते की दिशेचा शब्दच टाळा. जुनी तारीख आणि नवी तारीख, दोन्ही म्हणा: "वी हॅड फिक्स्ड ट्यूसडे द फोर्टींथ. कुड वी चेंज इट टू ट्यूसडे द ट्वेंटी-फर्स्ट?" "अर्लिअर" आणि "लेटर" हे शब्दही सुरक्षित आहेत.

क्रम: आधी "आय ॲम सॉरी, समथिंग हॅज कम अप", मग जुनी तारीख, मग नवी. कारण सांगायचं ते एका वाक्यात. मशीन बंद पडलं, त्याचा पार्ट आला नाही, मग ऑपरेटर सुट्टीवर, ही सगळी कहाणी नको. "साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत" म्हणायचं असेल तर "ही इज ट्रॅव्हलिंग" किंवा "ही इज आउट ऑफ टाउन", स्टेशन म्हटलं की तिकडे रेल्वेच आठवते.

सावधान: बदल फोनवर ठरला की जुनं कॅलेंडर इन्व्हाइट कॅन्सल करा. दोन इन्व्हाइट राहिले तर समोरची सेक्रेटरी कुठलंतरी एक खरं धरते.

१०. व्हॉइसमेल लागला तर

आपल्याकडे कोणी व्हॉइसमेल ठेवत नाही, बीप ऐकली की आपण कट करतो आणि परत लावतो, परत कट, पाच मिस्ड कॉल. अमेरिकेत आणि इंग्लंडात बरेच जण व्हॉइसमेल ऐकून उलट फोन करतात. कागद समोर ठेवून वीस-पंचवीस सेकंद बोला: नाव, कंपनी, नंबर, एका वाक्यात काम, तुम्ही कधी भेटाल ते त्यांच्या वेळेत, आणि शेवटी नंबर परत एकदा, हळू. "आय विल कॉल अगेन टुमॉरो ॲट टेन युअर टाइम" म्हणालात तर खरंच दहाला लावा.

११. फोन ठेवल्यावरचा तास

मेल तासाभरात. दुसऱ्या दिवशी पाठवू म्हटलं की राहतं, आणि तोवर कागदावरचं अक्षर आपल्यालाच लागत नाही. विषयात तारीख टाका. मजकूर चारच ओळींचा: वार-तारीख, दोन्ही वेळा, ठिकाण, कोण येणार. "प्लीज डू द नीडफुल" आणि "प्लीज रिव्हर्ट" दोन्ही काढा, काय हवंय ते सरळ लिहा, "प्लीज रिप्लाय टू कन्फर्म". त्याबरोबर कॅलेंडर इन्व्हाइट, त्यात टाइम झोन नीट निवडलेला.

मग आपल्या बाजूला: साहेब, प्रॉडक्शन, क्वालिटी, गेट. गेटवर नावं स्पेलिंगसकट द्या, पासपोर्टवर जसं आहे तसं, नाहीतर सिक्युरिटीवाला पाहुण्याला उन्हात उभं करतो.

प्लांट व्हिजिट असेल तर आदल्या दिवशी एक छोटा फोन, "जस्ट कॉलिंग टू कन्फर्म टुमॉरो, टेन ए एम", आणि ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर मेसेजवर. पाहुणा विमानात असेल तर हा फोन लागत नाही, म्हणून मेसेज आधी टाकून ठेवा, उतरल्यावर त्याला पहिला तोच दिसला पाहिजे. आणि तो पहिला कागद पाहुणा परत विमानात बसेपर्यंत फाडू नका.